अंगावरची जोखीम

आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, मधल्या फळीला, दोन सारखे डबे आहेत. झाकणाच्या आत रबराची कड, चारी बाजूंना खटके, बंद करताना टक् टक् टक् टक् असे चार आवाज. एकात थालिपिठाची भाजणी असते. दुसऱ्यात निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स. सौ.ने दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने नावं घातली आहेत. पहिल्यावर 'भाजणी'. दुसऱ्यावर 'ह्यांचं'.

लेन्स भाजणीच्या शेजारी का, याचं उत्तर पुण्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत ओल धरली की ज्या बुरशीला भाकरी चालते, तिला लेन्सही चालते. म्हणून डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी. हे खडे कोरडे असताना निळे असतात, ओल प्यायले की गुलाबी होतात. गुलाबी झाले की मी ते मंद आचेवर परततो, पुन्हा निळे होईपर्यंत. कढई त्यासाठी वेगळी ठेवली आहे, कारण तो निळा रंग कोबाल्टचा, म्हणजे विषारी. कामाच्या मावशींनी एकदा दारातून बघून विचारलं, "काका काय परततात हो?" सौ. भाजी चिरता चिरता म्हणाली, "पैसे."

तर मुद्दा असा, की ऑगस्टात आम्ही केनियाला निघालो आहोत, आणि ही लेन्स न्यायची की नाही हे तीन महिने ठरत नव्हतं.

केनियाची टूम माझी नाही. ती सौ.ची. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर जी लेन्स घेतली, ती तिच्या मते सहा वर्षांत भिगवणच्या पुढे गेलेली नाही. "रोहित पक्ष्यांनी आता तुम्हाला नावाने हाक मारायची तेवढी बाकी आहे," असं ती म्हणते. हे पूर्ण खरं नाही, ताडोबालाही एकदा नेली होती. पण नवऱ्याने असल्या तपशिलात शिरू नये. तिने माहिती काढली, पैसे भरले, आणि मला कळवलं. मसाई मारा. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत टांझानियातल्या सेरेंगेटीकडून दहा लाखांच्या वर वाइल्डबीस्ट चाऱ्यामागे माराच्या बाजूला सरकतात, सोबत झेब्रे. वाटेत मारा नदी, नदीत मगरी. हजारो जनावरं काठावर येऊन थांबतात. पाण्याकडे बघतात, दोन पावलं पुढे जातात, मागे फिरतात, पुन्हा येतात. असे तास जातात. मग कोणी तरी एक उडी घेतं आणि त्याच्यामागे सगळी. आम्ही याची फिल्म टीव्हीवर बघत होतो तेव्हा सौ. एकदा जनावरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघून काही बोलली नाही.

माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द होता, 'जोखीम'. आपण हल्ली तो धोका या अर्थाने वापरतो, बँकेत तर दिवसाला पन्नासदा वापरायचो. आजी दागिन्यांनाच जोखीम म्हणायची. एसटीत बसताना सांगायची, "जपून हो, अंगावर जोखीम आहे." म्हणजे दोन पाटल्या आणि एक गोठ. भाषेची गंमत बघा, मौल्यवान वस्तू आणि संकट यांना आपल्या पूर्वजांनी वेगळे शब्द करण्याची तसदीच घेतली नाही. आजी पाटल्यांवरून पदर असा घ्यायची की हात आहे की नाही हेही कळू नये. पुढे फोटोग्राफीची पुस्तकं वाचताना समजलं, की आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच फोटोग्राफर आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. लोकांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जाऊ नये म्हणून. आजीने त्याचं नाव ऐकलं असण्याचा संभव नाही, पण दोघांचं शास्त्र एकच.

मीही काळी पट्टी आणली. कॅमेऱ्यावरचं पिवळं-पांढरं नाव झाकलं. पण सव्वा वितीच्या नळकांड्याला पदर कसा घ्यायचा? ही लेन्स कॅमेऱ्याला लावली की तीन किलोच्या वर जाते आणि दुरून पाणी तापवायच्या बंबासारखी दिसते. ती गळ्यात घालून 'मी साधा माणूस' असा चेहरा करणं अवघड आहे.

सल्ला मात्र भरपूर मिळाला. आपल्याकडे परदेशी जायचं म्हटलं की तिथे न गेलेल्यांना जास्त माहिती असते, आणि एकदाच गेलेल्यांना सर्वात जास्त. माझा धाकटा मेहुणा या दुसऱ्या प्रकारातला. बार्सिलोनाच्या मेट्रोत त्याचा फोन गेला, तेव्हापासून तो जगातल्या यच्चयावत चोरांवरचा अधिकारी आहे. "भाऊजी," तो म्हणाला, "नैरोबीला लोक नैरॉबरी म्हणतात, ठाऊक आहे ना?" टोपणनाव खरं आहे, शहराच्या कपाळी ते बसलं आहे. पण बार्सिलोनात फोन घालवलेल्या माणसाने ते सांगावं, याची मला मौज वाटली. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. आजवर माझं चोरीला काय काय गेलं? तीन छत्र्या, देवळाबाहेरून चपलांचे दोन जोड, बसमध्ये एक पाकीट, आणि सोसायटीच्या जिन्याखालून सायकल. सगळं पुण्यात. परदेशात एकही वस्तू नाही. अर्थात परदेशात मी फारसं काही नेतच नव्हतो, हा भाग वेगळा.

टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात मतं विभागली गेली. एक म्हणाले, आता फोनच शंभर पट झूम करतो, ओझं कशाला? त्यांनी तिथल्या तिथे समोरच्या टेकडीवरचं एक माकड काढून दाखवलं. माकड होतं असं ते म्हणाले म्हणून आम्ही मानलं. दुसऱ्यांनी सुचवलं, तिकडे भाड्याने घ्यावी. व्यवहाराला धरून होतं. पण भाड्याची लेन्स म्हणजे दुसऱ्याची जोखीम आपल्या अंगावर. आपली फुटली तर दुःख होतं, दुसऱ्याची फुटली तर दुःख अधिक पैसे. तिसरे एक निवृत्त प्राध्यापक, ते म्हणाले, "डोळ्यांनी बघा हो. फोटो काढणारा माणूस तिथे नसतोच." असं म्हणणाऱ्याला उत्तर नसतं, म्हणून त्यांचा मला राग येतो. आणि मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांचं बोलणं मला कँडीत एकदा पटलं होतं. उलट्या बाजूने.

ते सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही श्रीलंकेला गेलो होतो. लेन्स नेली. आता विचाराल, भिगवणच्या पुढे गेली नाही म्हणता आणि श्रीलंका कुठून आली? गेली, पण तिने काही पाहिलं नाही. कँडीला संध्याकाळी सगळे दलदा मालिगावा बघायला निघाले, बुद्धाचा दात जिथे ठेवला आहे ते मंदिर. गर्दी असते, पूजेला नगारे वाजतात. मी ठरवलं, गर्दीत लेन्स नको, हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवू. तिजोरी कपाटाच्या तळाशी होती, चार आकडी कुलूप, आत मखमल. पासपोर्ट आणि चार दागिने मावावेत एवढी. लेन्स जवळपास २७ सेंटीमीटर लांब. आडवी घातली, तिरकी घातली, हूड काढून घातली. दार लागेना. मी जमिनीवर पोटावर पडून, कपाटात डोकं घालून, एका हाताने लेन्स आणि दुसऱ्याने दार ढकलत होतो, तेव्हा सौ. साडी नेसून तयार होऊन मागे उभी होती. "मग?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तू हो पुढे."

आणि मी खोलीत बसलो. दोन तास. लेन्स पलंगावर, मी खुर्चीवर, मध्ये टीव्ही, त्यावर सिंहली भाषेत कसलीशी चर्चा. लांबून नगाऱ्यांचा आवाज येत होता. तो येत होता की मला वाटत होता, आता नक्की सांगता येत नाही. बँकेत असताना तिजोरीच्या खोलीबाहेर बंदूक घेऊन स्टुलावर बसणारे आमचे एक सुरक्षारक्षक होते. ते दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत. काय विचार करतात, असं मला नेहमी वाटायचं. कँडीत कळलं. काहीच करत नसणार.

सौ. परत आली ती हातात कमळाचं फूल घेऊन. मी विचारलं, "दिसला का दात?" ती म्हणाली, "दात कुठला दिसतोय? तो सोन्याच्या करंडकात असतो. एकात एक, सात करंडक. लोक करंडकालाच हात जोडतात." मग पलंगावरच्या लेन्सच्या काळ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आपल्या घरी तरी काय वेगळं आहे? डबाच दिसतो."

या वेळी म्हणूनच आधी पूर्ण चौकशी करायची ठरवली. पीतज्वराची लस टोचून घेतली. केनियाहून परतताना तिचा दाखला लागतो, तो पिवळ्या पुस्तिकेत मिळतो आणि जन्मभर चालतो. माणसांची सोय एकेका सुईत झाली. लेन्सची होईना.

पहिली अडचण वजनाची. जवळ ठेवायच्या बॅगेला बहुतेक विमान कंपन्या ७ किलोच देतात. चेक-इनमध्ये लेन्स टाकणं म्हणजे लेकराला मालगाडीने पाठवणं, ते मनातही आणलं नाही. मग ताणकाटा आणला, तो दरवाजाच्या कडीला अडकवला आणि बॅग लटकवली. ९ किलो ४००. लेन्स २३०० ग्रॅम, कॅमेरा ८६०, धाकटी लेन्स, चार्जर, सौ.ची दुर्बीण. आणि खुद्द बॅग रिकामीच २ किलोच्या वर! कॅमेऱ्यासाठी म्हणून खास घेतलेली, आत मऊ कप्पे, बाहेर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, म्हणजे चोराला पत्ता लिहून दिल्यासारखंच. ती बाद केली. नातवाची शाळेची जुनी सॅक काढली. तिच्यावर छोटा भीम आहे. आत जुन्या स्वेटरचे कप्पे केले. आता जगातला कुठलाही चोर छोट्या भीमाच्या पाठीत सव्वादोन किलोची लेन्स असेल असं म्हणणार नाही. कार्तिए-ब्रेसाँलाही हे सुचलं नव्हतं.

बॅटऱ्यांचं वेगळं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, जवळच ठेवाव्या लागतात. कारण सरळ आहे. बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणी तरी धावून विझवेल, विमानाच्या पोटात कोण जाणार? १०० वॉट-तासांपर्यंत विचारावं लागत नाही. माझी एकेक बॅटरी १४ची, म्हणजे मी गरीब माणूस. फक्त तोंडं एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांवर पट्टी चिकटवायची. आमच्या घरात चिकटपट्टीचा खप गेल्या तीन महिन्यांत एखाद्या छोट्या पोस्ट ऑफिसइतका झाला आहे.

मग विमा. मी बँकेत तीस वर्षं लोकांना विम्याची गरज समजावून सांगितली, तेव्हा हा माझा प्रांत. प्रवासाच्या विम्याची पुस्तिका वाचायला बसलो. बारीक अक्षर, चष्मा, वर भिंग. सामान हरवलं तर भरपाई आहे. पुढच्या पानावर, मौल्यवान वस्तूंना मर्यादा आहे. त्याच्या पुढे, नजरेआड ठेवलेल्या वस्तूला काहीच नाही. म्हणजे लेन्स हरवेल तेव्हा ती माझ्या नजरेसमोर असली पाहिजे. कॅमेऱ्याचा वेगळा विमा निघतो, तो काढायचं ठरवलं. त्यांनी खरेदीची पावती मागितली. पावती होती, अगदी जपून, फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात. उघडली. कोरी. उष्णतेवर छापलेला कागद होता, सहा वर्षांत अक्षरं उडून गेली होती. जपून ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे मी बराच वेळ बघत होतो. नशिबाने दुकानदाराच्या संगणकात नोंद निघाली.

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली ते कॅमेरा आणायला लंडनला गेले. पैसा कुठून आणला? स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेतला, दोनेक महिन्यांत परत आले, आणि पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र. म्हणजे फाळक्यांनी कॅमेऱ्यासाठी आयुष्याचा विमा पणाला लावला, आणि मी आठ दिवसांसाठी बाहेर पडताना कॅमेऱ्याचा विमा शोधतोय. त्या काळी बोटीत, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तो कॅमेरा कसा टिकला असेल? भाजणीचा डबा तर नव्हता. मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोचं नाव माहीत आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, सरस्वतीबाई. "दागिने त्यांनी दिले होते. पुढच्या वेळी गोष्ट सांगताना तेवढं सांगत जा."

कस्टम्सची मात्र एक गोष्ट मला फार आवडली. भारी वस्तू बाहेर नेऊन परत आणायची असेल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला ती दाखवायची. तो मॉडेल आणि नंबर लिहून घेतो आणि सही-शिक्क्याचा दाखला देतो. परत येताना कोणी विचारलं, ही तिकडे घेतलीत का, तर तो दाखवायचा, म्हणजे आपल्याच वस्तूवर जकात भरावी लागत नाही. या दाखल्याचं नाव निर्यात प्रमाणपत्र. उभ्या आयुष्यात मी काही निर्यात केलेलं नाही, आणि आता आठ दिवसांसाठी एक लेन्स करणार आहे. तेव्हा विमानतळावर तासभर आधी जायचं, हे मी घरात जाहीर केलं. आमच्याकडे विमानतळावर चार तास आधी जायची पद्धत आहेच, त्यामुळे आता पाच.

मग धूळ. माराला ऑगस्ट कोरडा असतो. गाडीचं छप्पर वर उचलतं, माणूस उभा राहून बघतो, आणि पुढच्या गाडीची धूळ सगळीकडे. जाणकार सांगतात, चोराचं एक वेळ राहू दे, धुळीचं बघा, आणि गाडीत लेन्स बदलू नका. मी म्हटलं सोपं आहे, लेन्सवर प्लास्टिकची पिशवी घालू. इथे सौ.ने मला थांबवलं, कारण तिने सहलीचं सूचनापत्र वाचलं होतं. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि बंदी म्हणजे बंदी, तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहे, हे मी ती बंदी जाहीर करणारं वर्तमानपत्र ज्या पिशवीत गुंडाळून ठेवलं आहे त्या पिशवीवरून सांगू शकतो. पण मराठी बाईचं परदेशी जायचं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांशिवाय? चपलांची पिशवी, ओल्या कपड्यांची, औषधांची, मेतकुटाची, आणि या सगळ्या पिशव्यांची एक पिशवी. सौ. दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने जुनी इंदुरी साडी काढली आणि कात्री हातात घेतली. लेन्सलाही त्यातलं एक आंगडं मिळालं, जांभळ्या काठाचं. आजीचा पदर आलाच अखेर.

एका गोष्टीला मात्र मी स्वतः शिंप्याकडे गेलो. सफारीत तिपाई चालत नाही, गाडीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला धान्य भरलेली उशी लागते. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मी जुनी जीन्स नेली आणि माप सांगितलं, एक वीत रुंद, दीड वीत लांब, बाजूला चेन, आत दुहेरी शिलाई. त्यांनी मशीन थांबवून चष्म्यावरून बघितलं. "मानेला का काका?" मी म्हटलं, "नाही, लेन्सच्या." त्यांनी पुढे विचारलं नाही. उशी रिकामी न्यायची आणि तिकडे धान्य घेऊन भरायची. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात. चहाला 'चाय'. 'चपाती' तर चपातीच. आणि सफारी म्हणजे आपली सफर, एकाच अरबी मुळातली. मला एकदम नैरोबी आपलीच वाटू लागली. दुकात जाऊन दोन किलो राजमा मागायला कसली भीती?

उशीची घरी चाचणी घ्यावी म्हणून डाळ-तांदूळ शोधले. एका डब्यात तांदूळ सापडले, ते भरले, गॅलरीच्या कठड्यावर उशी, तिच्यावर लेन्स. झकास. समोरच्या गुलमोहरावरचा बुलबुल असा आला की डोळ्यातलं आकाश दिसावं. मागून आवाज आला, "अहो, तो आंबेमोहोर आहे." दोन किलो आंबेमोहोर जीन्समधून पुन्हा डब्यात गेला. चार दिवस भाताला निळसर रंग आहे की काय, असं मला वाटत होतं. सौ.ला वाटत नव्हतं, तिला खात्री होती.

एवढी तयारी होऊनही माझं नक्की होत नव्हतं. रात्री झोपताना न्यायची, पहाटे जाग आली की नाही न्यायची. नक्की झालं ते एका वेगळ्याच दुपारी.

माझा जुना फिल्मचा कॅमेरा आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स. लग्नाचे, मुलांचे, सगळे फोटो तिच्यातून निघालेले. ती मी घरातल्या सर्वात सुरक्षित जागी ठेवली होती. लोखंडी कपाट, आतला चोरकप्पा, तिथे चामड्याच्या डबीत. किल्ली सौ.च्या पर्समध्ये. चोर आलाच तर त्याला आधी सौ.ची पर्स शोधावी लागली असती, जे मला पस्तीस वर्षांत जमलेलं नाही. त्या दुपारी पासपोर्ट काढायला कप्पा उघडला आणि सहज ती डबी हाताला लागली. लेन्स काढली, मागून टॉर्च मारला.

आत झाड उगवलं होतं.

एका कडेपासून बारीक पांढरे धागे, त्यांना फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. हिवाळ्यात काचेवर दंव धरावं तसं. मुंबईला बोरा बाजारात एक जुने दुरुस्तीवाले आहेत, त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि लगेच खाली ठेवली. बुरशी काचेवरच्या लेपात उतरली होती. ती आम्ल सोडते, पुसली तरी खाल्लेली जागा राहते. "वापरत नव्हता ना साहेब?" ते म्हणाले. मी म्हटलं, जपून ठेवली होती. "कुठे?" कपाटात. "चामड्याच्या डबीत?" हो. त्यांनी मान हलवली. चामडं ओल धरतं, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "यांना उजेड लागतो, हवा लागते. बाहेर नेत चला."

परतीच्या गाडीत लोणावळ्याला पाऊस आला. खिडकीच्या काचेवर पाणी, मांडीवर ती डबी. पावसाळा पुण्यात, आणि त्याच महिन्यात माराला कोरडी खडखडीत हवा. म्हणजे ऑगस्टात या लेन्सला सर्वात धोक्याची जागा कुठली म्हणायची, नैरोबी की आमची मांडणी? चोराने नेली तर निदान कोणी तरी वापरेल. बुरशी फोटो काढत नाही.

घरी आल्यावर सौ.ला म्हटलं, "नेतोय." तिने "बरं" म्हटलं आणि काकडी किसत राहिली. तीन महिन्यांच्या विचारमंथनाला एवढंच?

आता निघायला दोन दिवस आहेत. ताणकाट्यावर छोटा भीम ६ किलो ९०० भरला. त्यासाठी दुर्बीण सौ.च्या गळ्यात गेली, चार बॅटऱ्या माझ्या जाकिटाच्या चार खिशांत, आणि चार्जर मेहुण्याच्या सल्ल्याविरुद्ध पँटच्या खिशात. पावतीची नवी प्रत, लेन्सचा नंबर आणि पिवळी पुस्तिका एका कापडी पिशवीत. विमा निघाला. आता राहिली ती नजर, ती सतत लेन्सवर ठेवावी लागेल. पण टेकडीवरच्या प्राध्यापकांनी काल विचारलं, डोळ्यांनी बघणार ना? मी म्हटलं, एका डोळ्याने.

आणि मांडणीवरचा डबा रिकामा झाला. तिकडे खायचा चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत नेता येत नाही, म्हणून सौ.ने सिलिका जेल काढून, तो तीन पाण्यांनी धुऊन, उन्हाची तिरीप आली त्या तासाभरात वाळवून त्यात चिवडा भरला. तो चेक-इनच्या बॅगेत गेला आहे. पट्टी तेवढी तिने काढली नाही. अजून 'ह्यांचं' अशीच आहे.